पाप कुणाचे, दुरावा कुणाशी?

वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला उतरून माणिकपूरची वाट धरली की रिक्षा, मोबाइलची दुकाने आणि सोसायट्यांच्या गर्दीत सेंट मायकल चर्च लागते. या धर्मग्रामाची स्थापना १६०६ ची. ज्याच्या नावाने चर्च उभे आहे तो मायकल कुणी मानवी संत नव्हे, देवदूतांचा सेनापती. ख्रिस्ती चित्रांत तो बहुधा हाती भाला वा तलवार घेऊन सैतानाला पायाखाली दाबून उभा असतो. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात, त्याची आणि अजगराची लढाई येते. म्हणजे माणिकपूरचे ख्रिस्ती लोक चारशे वर्षे ज्या नावाच्या छायेत लेकरांचे बाप्तिस्मे करत आले, त्या नावातच पापाची गोष्ट दडलेली आहे, आणि तीही माणसाच्या आधीची. परंपरेप्रमाणे देवापासून पहिला दुरावा देवदूतांनी धरला. माणूस त्या भांडणात मागाहून ओढला गेला.

पण वसईतल्या कुणालाही पाप म्हणजे काय असे विचारले तर उत्तर मिळते ते यादीचे. दहा आज्ञा, धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेली मोठी आणि लहान पापे, पहिल्या ख्रिस्तप्रसादाआधी कन्फेशनला काय सांगायचे याची तयारी. खोटे बोललो, आईला उलट बोललो, रविवारचा मिस्सा चुकवला. यादी निरुपयोगी नाही. मुलांना तिचा आधार वाटतो आणि मोठ्यांना तिची सोय होते. मात्र ख्रिस्ती विचारात पाप ही मुळात नात्यातली फूट आहे आणि यादी हे त्या फुटीचे केवळ लक्षण, हे कुठेतरी मागे पडले. ते कसे पडले आणि आज त्याची किंमत कोण मोजतो, हे पाहायचे तर बरेच मागे जावे लागते.

उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातली गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, निदान चित्रांवरून. फळ सफरचंद होते असे मूळ मजकुरात कुठेही नाही. कथेचा जीव फळात नाहीच, तो फळ खाल्ल्यानंतरच्या वागण्यात आहे. संध्याकाळच्या गार वाऱ्यात देव बागेत फिरतो आहे आणि ज्यांच्याशी त्याची रोजची सलगी, ते दोघे झाडांआड लपले आहेत. देवाने त्यांना अजून हाकललेले नाही, आधी तेच लपतात. मग आदाम बोट दाखवतो हव्वेकडे आणि हव्वा सर्पाकडे. दोघांना स्वतःच्या अंगाची लाज वाटू लागते. जमीन काटेकुसळे देऊ लागते. एकाच प्रसंगात देव, जोडीदार, स्वतःचा देह आणि माती, चारही नाती बिघडतात. पुढच्याच अध्यायात काईन भावाला मारतो आणि ओरड उठते ती जमिनीतून. लेखक कुणीही असो, माणसाच्या वागण्याची त्याला जाण होती.

या कथेतून वंशपरंपरागत दोषाचा सिद्धान्त यहुदी धर्माने काढला नाही, आजही काढत नाही. यहेज्केल संदेष्ट्याच्या अठराव्या अध्यायात तर बापाच्या अपराधासाठी मुलाला जबाबदार धरायचे नाही, असे बजावलेले आहे. येशूच्या तोंडी शुभवर्तमानांत आदामाचे नाव नाही. पापाविषयी त्याने सांगितलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला. धाकटा मुलगा वाटा घेऊन दूर गेला, उधळला, परत आला, हे आपण प्रवचनांत ऐकत आलो. थोरल्याकडे लक्ष कमी जाते. त्याने एकही आज्ञा मोडलेली नाही, शेतावरून थेट घरी आला आहे, तरी गोष्ट संपते तेव्हा तो दाराबाहेरच आहे, रुसलेला. आत यायला बाप त्याची मनधरणी करतो आहे. यादीच्या हिशेबाने हा माणूस निष्पाप, नात्याच्या हिशेबाने धाकट्याइतकाच दूर. ख्रिस्ती पापविचाराचे सगळे मर्म मला या थोरल्यात दिसते.

सिद्धान्त घडवला पौलाने आणि त्याला पक्का साचा दिला संत ऑगस्टिनने. रोमकरांस पत्रात पौल आदाम आणि ख्रिस्त यांना समोरासमोर ठेवतो. एकामुळे मरण आले, दुसऱ्यामुळे जीवन. पौलाचा सगळा भर दुसऱ्या बाजूवर होता. चौथ्या-पाचव्या शतकांत उत्तर आफ्रिकेच्या ऑगस्टिनने पहिली बाजू खोदायला घेतली. त्याच्या आत्मकथनात सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर पेअरची फळे चोरल्याची हकिगत आहे. भूक नव्हती, फळेही चांगली नव्हती, पुढे ती डुकरांपुढे टाकली. मग चोरली का? केवळ चोरण्याच्या मजेसाठी. या एका फालतू चोरीवर त्याने पानेच्या पाने लिहिली, कारण माणसाची इच्छाच कुठेतरी वाकडी आहे, हे त्याला तिथे दिसले. त्याचा समकालीन पेलेजियस म्हणत होता की माणूस ठरवले तर चांगला वागू शकतो, आदामाने फक्त वाईट उदाहरण घालून दिले. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलेजियसची बाजू फेटाळली, ५२९ मध्ये ऑरेंजच्या परिषदेने कृपेचे प्राधान्य पक्के केले.

ऑगस्टिनने निदान अचूक केले, पण रोग पसरतो कसा हे सांगताना तो घसरला, असे माझे मत आहे. दोष प्रजननातून, वासनेतून पुढच्या पिढीत उतरतो असे त्याने मानले आणि पाश्चात्त्य चर्चला देहाविषयी, विशेषतः स्त्रीच्या देहाविषयी, शतकानुशतकांचा संशय जडला. त्याच्याही आधी टर्टुलियनने हव्वेच्या लेकींना सैतानाचे प्रवेशद्वार ठरवून टाकले होते. बाप्तिस्म्याआधी मेलेल्या तान्ह्या बाळांचे काय, या प्रश्नाने तर पिढ्यान्‌पिढ्या आयांची झोप उडवली. त्यांच्यासाठी 'लिंबो' नावाची एक मधलीच जागा कल्पिली गेली. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ आधार आहे असे म्हटले, तेव्हा कुठे तो भार हलका झाला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने हे ओझे कधी उचललेच नव्हते. आदामाकडून आपल्याला मर्त्यता आणि दुबळेपण आले, त्याचा अपराध नव्हे, अशी त्यांची मांडणी. ती मला अधिक समंजस वाटते.

मध्ययुगात विचार हिशेबाकडे झुकला. आयर्लंडच्या मठवासीयांनी सहाव्या शतकापासून प्रायश्चित्ताची दरपत्रके तयार केली: अमुक पापाला इतके दिवस उपवास. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीच्या अन्सेल्मने पाप म्हणजे देवाच्या मानाचे न फिटलेले ऋण अशी मांडणी केली. सरंजामी काळाला ती चटकन पटली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन सक्तीचे केले. मार्टिन ल्यूथरने हे हिशेब उधळून लावले. त्याच्या मते माणूस स्वतःभोवतीच वळलेला आहे, त्याची सत्कृत्येसुद्धा त्या वळणातून सुटत नाहीत, सोडवते ती केवळ कृपा. त्याला उत्तर म्हणून ट्रेंट परिषदेने १५४६ मध्ये मूळपापाचा ठराव केला: बाप्तिस्म्याने दोष धुतला जातो, वासनेचा ओढा मात्र मागे उरतो, आणि तो ओढा म्हणजे पाप नव्हे.

ट्रेंटचा ठराव झाला तेव्हा पोर्तुगीजांच्या हाती वसई येऊन बारा वर्षे झाली होती. या किनाऱ्यावर जो ख्रिस्ती धर्म रुजला तो ट्रेंटच्या शिस्तीत वाढलेला. प्रश्नोत्तरी धर्मशिक्षण, मोठ्या-लहान पापांचे वर्गीकरण, नियमित कन्फेशन. मध्ये जाळी असलेली कन्फेशनची लाकडी पेटीही त्याच शतकातली, मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी ती रूढ केली. यादी आपल्याकडे आली ती अशी. तिच्याबरोबर दंडही आला. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन बसले आणि मधला थोडा काळ सोडता १८१२ पर्यंत टिकले. १७३६ च्या त्याच्या फर्मानात लग्नातली गाणी, दारची तुळस आणि पेहराव यांवरही बंदी होती. तीनच वर्षांनी, १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई घेतली. राजसत्तेच्या हाती पापाची यादी गेली की तीत काय काय घुसते याला त्या फर्मानापेक्षा वेगळा पुरावा नको. शेजाऱ्याच्या चालीरीतीच पाप ठरल्या, आणि शेजाऱ्याशी नाते तोडणे पुण्य.

त्याच किनाऱ्यावर त्याच काळात दुसरा सूरही होता. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. पहिल्या पुराणात सृष्टीची उत्पत्ती, देवदूतांचे पतन, आदाम-हव्वेची कथा आणि तारणाऱ्याची वाट पाहणे आहे, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. ओवीत गायलेल्या या कथेत पाप ही दंडाची बाब राहत नाही, ते घर हरवल्याचे दुःख होते. ऐकणाऱ्याला लाज वाटण्याआधी हळहळ वाटते, आणि मला तोच क्रम योग्य वाटतो.

पापाच्या कल्पनेवर मराठीत खरा वाद झाला तो एकोणिसाव्या शतकात. १८३१ मध्ये मोरभट्ट दांडेकर आणि मिशनरी जॉन विल्सन यांचा मुंबईत जाहीर वाद झाला, १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारींनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी सामना केला. मूळपाप ऐकून कुठल्याही हिंदू माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो: खाल्ले आदामाने, भोगायचे मी का? प्रश्न बिनतोड आहे. कर्मविपाकात हिशेब चोख असतो. ज्याचे कर्म त्यालाच फळ, फक्त जन्म बदललेला. मूळपापात तो चोखपणा नाही. पण त्या चोखपणाचीही किंमत आहे. दुःखात जन्मलेल्याला कर्मविपाक सांगतो की हे तुझेच केलेले, आणि जातीच्या उतरंडीला त्यातून समर्थन मिळते. डॉ. आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये पूर्वजन्मीच्या कर्माची कल्पना नाकारली ती याच कारणाने. मूळपाप निदान सगळ्यांना एका रांगेत उभे करते. माझा कौल असा: न्यायाच्या कसोटीवर कर्मसिद्धान्त अधिक नेटका, अनुभवाच्या कसोटीवर मूळपाप अधिक खरे. आपण न केलेल्या गोष्टींचे परिणाम वारशाने भोगतो आणि ते पुढेही ढकलतो, हे कुठल्याही गावात दिसते.

एका रांगेत उभे राहण्याची ही शिकवण वसईच्या चर्चने स्वतः किती पाळली, हा अवघड प्रश्न आहे. सामवेदी कुपारी, वाडवळ, कोळी असे समाज एकाच ख्रिस्तप्रसादाला येत राहिले आणि सोयरिकी मात्र आपापल्यात करत राहिले. अलीकडे हे सैल झाले आहे, पण ते शिक्षण आणि नोकऱ्यांमुळे, प्रवचनांमुळे नव्हे. दलित ईशज्ञानाची मांडणी करणारे अरविंद निर्मल यांनी १९८० च्या दशकात भारतीय चर्चला हाच आरसा दाखवला. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला आधी पश्चात्ताप कर म्हणणे हाच एक अन्याय, हा त्या विचाराचा रोख. उच्चवर्णीय धर्मांतरितांनी घडवलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्याला तो सहसा सुचला नव्हता.

त्या साहित्यात नारायण वामन टिळकांचे स्थान वेगळे. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून आलो असे ते म्हणत. हे नुसते सौजन्य नव्हते. पापी मी, पतित मी असे स्वतःला बजावत विठ्ठलाचे पाय धरणारा तुकाराम मराठी माणसाच्या कानात आधीच होता. देवापासून दूर पडल्याची तळमळ टिळकांना परकी नव्हती. त्यांना बदलून घ्यावे लागले ते पत्त्याचे नाव.

पंडिता रमाबाईंची वाट याहून खडतर. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये वाँटेज येथे १८८३ च्या २९ सप्टेंबरला झाला. तो दिवस नेमका माणिकपूरच्या मायकलच्या सणाचा. वाँटेजच्या सिस्टरांशी धर्मसिद्धान्तांवरून त्यांचे खटके उडाले, पत्रे गेली-आली, रमाबाई मागे हटल्या नाहीत. पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्यांनी कबूल केले की बाप्तिस्मा घेतला तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. आपल्या पापीपणाची जाणीव त्यांना कित्येक वर्षांनी झाली. ज्या बाईला शास्त्रांनी स्त्री म्हणून मुळातच पापयोनी ठरवले, जिने ते झुगारून दिले, तिने पुढे 'मी पापी' म्हणावे यात विसंगती वाटते खरी. ती वरवरची आहे. पहिला शिक्का दुसऱ्याने मारलेला होता, दुसरी कबुली स्वतःची. १९०५ मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुली आणि बाया रडत, मोठ्याने आपली पापे बोलत प्रार्थना करू लागल्या, त्या घटनेकडे भाविक लोक पवित्र आत्म्याचा वर्षाव म्हणून पाहतात. दुष्काळातून, वैधव्यातून, अत्याचारांतून आलेल्या त्या मुलींचे किती रडणे केलेल्या पापांचे होते आणि किती सोसलेल्या पापांचे, हे वेगळे करता येणार नाही.

विसाव्या शतकात कॅथलिक चर्चने यादीवरून नात्याकडे परतायला सुरुवात केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर वसईत मिस्सा मराठीत आला. १९७३ च्या नव्या विधीत कन्फेशनकडे देवाशी आणि चर्चशी समेट म्हणून पाहिले गेले, आणि सगळ्यांनी एकत्र जमून करायच्या प्रायश्चित्तविधीलाही जागा मिळाली. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने मूळपापाला 'पाप' म्हणायचे ते केवळ साधर्म्याने, ती कृती नव्हे, अवस्था आहे, असे स्पष्ट केले. ऑगस्टिनचा अतिरेक तिथे शांतपणे दुरुस्त झाला. १९८४ च्या प्रबोधपत्रात पोप दुसरे जॉन पॉल यांनी सामाजिक पापाची कल्पना मान्य केली आणि इशाराही दिला: व्यवस्था पापी आहे असे म्हणून व्यक्तींना मोकळे सोडू नका, व्यवस्था माणसांच्याच पापांच्या साचण्यातून बनते. २०१५ च्या 'लाउदातो सी'मध्ये पोप फ्रान्सिसनी देव, शेजारी आणि भूमी या तिन्हींशी माणसाचे नाते तुटले आहे असे लिहिले. उत्पत्तीचा तिसरा अध्याय अखेर पूर्ण वाचला गेला.

माणिकपूरसाठी हे पुस्तकी नाही. स्टेशन जवळ, मुंबई जवळ, म्हणून वसईत आधी बदलले ते माणिकपूरच. वाड्या, केळीच्या बागा, पानवेली, बावखले (छोटी तळी) आणि विहिरी यांच्या जागी इमारती आल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीची चळवळ उभी राहिली. बिल्डर आणि टँकरवाल्यांच्या दहशतीविरुद्ध एका धर्मगुरूने उभे राहणे हे त्या काळी सोपे नव्हते. 'सुवार्ता' मासिकाच्या संपादकाने, पुढे 'सुबोध बायबल'साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवणाऱ्या लेखकाने, पाण्याला आणि मातीला धर्माचा विषय केले. काहींना ते राजकारण वाटले. मला ते बायबलचेच सरळ वाचन वाटते.

आता हिशेब मांडून पाहा. वाडी विकणाऱ्याने मुलीच्या लग्नासाठी वा मुलाच्या शिक्षणासाठी विकली. मुंबईत घर परवडत नाही म्हणून नालासोपाऱ्याला, माणिकपूरला फ्लॅट घेणाऱ्या कारकुनाचा काय दोष? बिल्डर म्हणेल मागणी होती. नगरसेवक म्हणेल परवानगी वरून आली. प्रत्येकाचे कन्फेशन स्वच्छ निघेल. तरीही विहिरी खाऱ्या झाल्या, नैसर्गिक नाले बुजले आणि २०१८ च्या जुलैत वसई तालुका दिवसचे दिवस पाण्याखाली, अंधारात राहिला. कुणीही एकट्याने न केलेले आणि सगळ्यांच्या हातून घडलेले, जन्मणाऱ्या मुलाला आयते मिळणारे हे जे काही आहे, त्याला जुने लोक मूळपाप म्हणत. आदामाची गोष्ट पटत नसलेल्या माणसालाही स्टेशन रोडवर ते दिसेल.

याउलट जात असलेला एक प्रवाह अलीकडे बळावला आहे. आरोग्यप्रार्थनेच्या सभांत आणि काही रिट्रीट केंद्रांत आजारपण, कर्ज, न जमणारी लग्ने यांचा उगम पूर्वजांच्या पापात शोधला जातो. वंशवृक्ष कागदावर काढून त्यावर प्रार्थना होते. हे ख्रिस्ती पोशाखातले प्रारब्ध आहे. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाबद्दल शिष्य विचारतात, पाप याचे की आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. स्पेनच्या बिशपांच्या धर्मसिद्धान्त आयोगाने २०२४ मध्ये अशा प्रार्थनांविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. आपल्याकडेही ती घ्यायला हवी, कारण भुर्दंड पडतो तो आधीच कोलमडलेल्या कुटुंबांवर.

राखेच्या बुधवारनंतर प्रायश्चित्तकाळात सामूहिक प्रायश्चित्तविधीत फादर आत्मपरीक्षणाचे प्रश्न वाचतात. ते प्रश्न छापील असतात, पण धर्मग्राम ते स्वतः लिहू शकते, विधी तशी मोकळीक देतो. माणिकपूर आणि आसपासच्या धर्मग्रामांच्या मंडळांना विनंती एवढीच की येत्या प्रायश्चित्तकाळात त्यांत काही स्थानिक प्रश्न घालावेत: आपल्या आवारातली विहीर कुणी बुजवली, सांडपाणी कुठे सोडले जाते, सोसायटीत भाडेकरू नाकारताना आपण काय पाहतो, आणि आपल्या समाजाबाहेरची सून आपण खरोखर स्वीकारली आहे का.